नकाशा आधी जमिनीवर ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईतल्या घणसोलीत एका सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी दीड तासाचा वर्ग भरतो. चौथी ते सहावीची चौदा मुलं, निम्मी मराठी माध्यमाची, निम्मी इंग्रजी. वर्ग घेणाऱ्या ताई स्वतः विज्ञानाच्या. मुलांना सामाजिक शास्त्राची आणि भूगोलाची नीट तोंडओळख करून द्यायची त्यांची इच्छा आहे, पण मुलं म्हणतात, ‘हा तर पाठ करायचा विषय.’ प्रोजेक्टर नाही, सहलीला पैसे नाहीत. सूर्यमालेपासून सुरू करू, इतिहासापासून की जिल्ह्यापासून? आणि पुस्तकं कोणती घेऊ?

मी हे विषय सव्वीस वर्षं शिकवले, आधी ठाण्यात आणि नंतर ऐरोलीत. पहिली सात-आठ वर्षं वाईट शिकवले, हेही सांगून टाकते, कारण पुढचं बरंचसं त्या वर्षांतून आलेलं आहे.

सहावीच्या वर्गात मी एकदा सहज विचारलं, ‘आत्ता आपण बसलोय तिथून उत्तर दिशा कुठे?’ पहिल्या बाकावरच्या मुलीने क्षणभरही न थांबता पंख्याकडे बोट दाखवलं. वर्ग हसला नाही, कारण वर्गाचंही तेच मत होतं. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा टांगलेला, नकाशात उत्तर वर, म्हणजे उत्तर वर! त्या मुलीला घटक चाचणीत दिशांच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण होते. दुसऱ्या दिवशी मी नकाशा खिळ्यावरून काढला, जमिनीवर पसरला आणि खऱ्या उत्तरेकडे तोंड करून ठेवला. सगळे भोवती बसलो. नागपूर खिडकीच्या बाजूला आहे आणि कोल्हापूर मुख्याध्यापकांच्या खोलीकडे, हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते.

म्हणून ‘कोणत्या धड्यापासून’ हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवते. तुमच्या मुलांकडे शब्द भरपूर असणार: अक्षांश, प्रशासन, वसाहत, खनिज. ते शब्द ज्यांना चिकटायला हवेत त्या वस्तू त्यांच्यासमोर आलेल्या नाहीत, अडचण ही आहे. वस्तू आधी आणायची आणि नाव मागून द्यायचं. मग सुरुवात इतिहासाने केली काय किंवा भूगोलाने, फारसं बिघडत नाही.

‘परिसरापासून सुरुवात करा’ हे तुम्हाला सगळेच सांगतील. बालभारतीचं तिसरीचं ‘परिसर अभ्यास’ पुस्तकही त्याच विचाराने जिल्हानिहाय केलेलं आहे. पण माझ्या मते ही अर्धीच गोष्ट झाली. मी कितीतरी वर्षं परिसरापासून सुरू करून परिसरातच अडकून पडत होते. पोस्टमन काका, भाजीवाल्या मावशी, आमची बाग! मुलं दोन आठवड्यांत कंटाळायची आणि त्यांचं बरोबर होतं, कारण हे सगळं त्यांना माहीतच असतं. जवळची वस्तू धरायची ती तिच्या मागे लांब जाण्यासाठी. दहा वर्षांच्या मुलाला नळापासून मोसमी वाऱ्यांपर्यंत एका महिन्यात नेता येतं. मात्र मधली एकही पायरी गाळायची नाही.

आता तुमच्या परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते बोलू. चौथीच्या आणि सहावीच्या मुलांत फरक मोठा असतो. नकाशाचं प्रमाण सहावीला एका तासात समजतं, चौथीतल्या निम्म्यांना समजत नाही आणि त्यात त्यांची काही चूक नसते. एकच काम दोघांना द्या, प्रश्न वेगळे विचारा. पावसाळ्यात बाहेरचं काही होणार नाही असं धरूनच चला. बाहेर नेताना चौदा मुलांमागे किमान तीन मोठी माणसं हवीत, नाहीतर नेऊ नका. दोन माध्यमांचा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. फळ्यावर अक्षांश लिहिलंत की शेजारी लॅटिट्यूड लिहा आणि पुढे चला. मुलं एकमेकांना शिकवतात.

आता प्रत्यक्ष काम. तुमच्याकडे एक साधन आहे जे आमच्या ठाण्याच्या शाळेत कधी नव्हतं: उंच इमारत. नकाशा म्हणजे वरून पाहिलेली जागा, हे समजावताना पूर्वी मी बाकावर वही, डबा, पेन्सिल ठेवून उभं राहून बघायला लावायचे. तुम्ही सोसायटीची परवानगी घेऊन मुलांना वरच्या मजल्याच्या लॉबीत न्या. गच्चीवर नको, जाळी असलेली खिडकी पुरे. खाली जे दिसतं ते कागदावर काढायचं. पहिल्या वेळी मुलं इमारती समोरून काढतील, खिडक्या-दारं दाखवतील, झाडांना खोड काढतील. काढू द्या. मग एकच विचारा, ‘इथून तुला झाडाचं खोड दिसतंय का?’

दुसऱ्यांदा ते गोल हिरवे ठिपके काढतील आणि नकाशाला खुणांची सूची का लागते हे तुम्हाला सांगावं लागणार नाही, कारण तिसऱ्याच मिनिटाला कोणीतरी विचारेल, ‘हा गोल झाड आहे की पाण्याची टाकी?’

घणसोलीत वरून पाहिलं की आणखी एक गोष्ट दिसते. सेक्टरमधले रस्ते सरळ, काटकोनात मिळणारे. आणि मधेच गावठाण, जिथल्या गल्ल्या वळतात, अरुंद होतात, एखाद्या चौकात पसरतात. मुलांना फक्त विचारा, ‘इथे सरळ आणि तिथे वाकडं, असं का?’ ऐरोलीत मला पहिलं उत्तर मिळालं होतं, ‘गावातल्या लोकांना सरळ बांधता येत नाही.’ हे उत्तर येणार याची तयारी ठेवा, रागावू नका. पुढचा शनिवार त्याच उत्तरावर काढा. गल्ली कुठे जाते ते शोधायचं. एखादी विहिरीकडे जाते, एखादी देवळाकडे, एखादी पूर्वीच्या शेताच्या बांधावरून, एखादी खाडीकडे. गल्ली वाकडी नसते, ती कुठेतरी निघालेली असते. सेक्टरचा रस्ता आधी कागदावर आखला आणि मग जमिनीवर आला. गावातली वाट आधी पायांनी पाडली, कागदावर नंतर आली. वस्ती, नियोजन, भूमी उपयोजन हे तिन्ही शब्द त्यानंतर दिले तर मुलं ते विसरत नाहीत.

इथून इतिहासात शिरायला दार उघडंच असतं. मी सुतळी वापरायचे. एक सेंटीमीटर म्हणजे एक वर्ष. हॉलच्या एका भिंतीला आजचा दिवस, तिथून मागे मोजत जायचं. मुलाचं स्वतःचं आयुष्य वीतभरसुद्धा भरत नाही. आई-बाबांना चाळीसेक सेंटीमीटर. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची, तिथे गाठ मारायची. एका मुलीने आपल्या आजीची गाठ मारली आणि ओरडली, ‘बाई, माझी आजी सिडकोपेक्षा मोठी आहे!’ त्या वाक्याने माझे पुढचे तीन तास झाले. आजी वर्गात आली, आजीने भातखाचरं कुठे होती ते सांगितलं. मुलांनी विचारलं, ‘मग स्टेशन कुठे होतं?’ आजी म्हणाली, ‘नव्हतंच.’ नव्हतंच म्हणजे काय, हे मुलांना पचायला वेळ लागतो.

सुतळी तशीच मागे न्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली, ती पावणेदोन मीटरच्या जरा अलीकडे. मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला ते १७३७, म्हणजे तीन मीटरच्या आत. (तो किल्ला आज ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे. मुलांना ही माहिती भलतीच आवडते.) शिलाहारांचं श्रीस्थानक, म्हणजे हेच ठाणं, हजार वर्षांमागे. त्यासाठी दहा मीटर, सुतळी हॉलच्या दारातून बाहेर. आणि मग खिडकीतून पारसिकचा डोंगर दाखवायचा. तो ज्या बेसाल्टचा आहे तो लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्याच मापाने सुतळी किती लागेल? सहावीतली मुलं गणित करतात: ६६० किलोमीटर. घणसोलीहून सरळ रेषेत जवळपास नागपूर. मानवी इतिहास आणि पृथ्वीचा इतिहास यांतला फरक मी दहा वर्षं शब्दांत सांगत होते, तो या सुतळीने पाच मिनिटांत सांगितला.

दुसरा धागा पाण्याचा. माझ्या मते तुमच्या वर्गासाठी हाच सगळ्यात समृद्ध आहे, त्यामुळे चार-पाच शनिवार त्याला द्यायला कचरू नका. सुरुवात एका प्रश्नाने: आपल्या नळाला पाणी कुठून येतं? ‘टाकीतून’ हे उत्तर येईल. टाकीत कुठून? तिथून मुलांना सोसायटीच्या वॉचमनला, प्लंबरला, ऑफिसातल्या काकांना विचारायला पाठवा. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं धरण आहे, मोरबे, रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात, धावरी नदीवर. काही भागांना एमआयडीसीचं, म्हणजे बारवी धरणाचं पाणी मिळतं. तुमच्या नळाला यातलं कुठलं, ते तुम्ही सांगू नका. मुलांची उत्तरं जुळणार नाहीत, आणि तेच हवंय. दोन माणसांनी दोन गोष्टी सांगितल्या तर खरं कोणतं आणि ते कसं ठरवायचं, हा सामाजिक शास्त्राचा पहिला धडा समजा. वेगळा शिकवावा लागत नाही.

धरण नकाशावर सापडलं की दोरा ठेवून अंतर मोजायचं. इथे प्रमाण आपोआप येतं. मग, धरण तिथेच का? उत्तरासाठी उतार दाखवावा लागतो. मी गणपतीनंतर उरलेली शाडूची माती जपून ठेवायचे. परातीत मातीचा डोंगर करायचा, एका बाजूने उभा, दुसऱ्या बाजूने उतरता. परातीत बोटभर पाणी ओतायचं, पाण्याची कड काडीने मातीवर आखायची. आणखी बोटभर, पुन्हा आखायची. वरून पाहिलं की समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, तयार! उभ्या बाजूला रेषा खेटून आणि उतरत्या बाजूला लांब लांब का, हे मुलंच सांगतात. सातवीच्या पुस्तकातल्या त्या गूढ रेषांच्या आकृतीला मग कोणी घाबरत नाही. त्याच डोंगरावर झारीने पाणी घाला. पाणी कुठे वाहतं, कुठे साचतं, भिंत कुठे बांधली तर कमीत कमी मातीत जास्तीत जास्त पाणी अडेल? मुलं भांडतात. भांडू द्या, परात मोठी घ्या.

तिथून पाऊस. समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटाच्या अलीकडेच रिते होतात. ठाण्याच्या बाजूला वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि घाट ओलांडून नाशिकला गेलात तर त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. वर्गात कोणाचं ना कोणाचं गाव घाटावर असतंच. ‘तुझ्या गावाला छत्री किती दिवस लागते?’ असं विचारा. प्रतिरोध पाऊस आणि पर्जन्यछाया हे शब्द त्या उत्तरानंतर सांगा.

आणि आता सगळ्यात अवघड प्रश्न, जो मी सुरुवातीची वर्षं टाळत होते. तानसा आणि भातसा ही मोठी धरणं ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबई पितेय. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. मुलांना हे सांगितलं की ती पहिल्यांदा ‘असं कसं?’ म्हणतात आणि मग गप्प होतात. भूगोल अर्धं उत्तर देतो. पाऊस चार महिन्यांत कोसळतो, उतार तीव्र, खाली कठीण बेसाल्ट, पाणी मुरत कमी आणि वाहून जातं जास्त. उरलेलं अर्धं उत्तर भूगोलाकडे नाही. धरण कोणासाठी बांधलं, पैसे कोणी घातले, जमीन कोणाची गेली, ठरवलं कोणी? भूगोल आणि नागरिकशास्त्र हे विषय खरं तर वेगळे का नसतात हे मला स्वतःला इथे कळलं. यावर निकाल देण्याचा मोह आवरा. नऊ-दहा वर्षांची मुलं निकाल फार पटकन देतात. त्यांना आणखी एक माहिती द्या आणि पुन्हा विचारा.

खाडीबद्दल लिहिते, कारण तिथे माझी चांगलीच फजिती झाली आहे. मार्चमधला शनिवार. खाडीतला चिखल, कांदळवन आणि जमलं तर रोहित पक्षी दाखवायचे म्हणून एकवीस मुलांना घेऊन दुपारी चार वाजता ऐरोलीच्या बाजूला काठावर गेले. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं तेव्हापासून मनात होतं. पोहोचलो तर चिखल नाही, पक्षी नाही. तिवरांच्या फांद्यांपर्यंत गढूळ पाणी चढलेलं. मी सावरायला ‘बघा किती शांत आहे’ वगैरे म्हणत होते. एका मुलाला न्यायला त्याचे आजोबा आले होते, कोळीवाड्यातले. त्यांनी एकच विचारलं, ‘बाई, आज तिथी कुठली?’ मला माहीत नव्हती. ‘षष्ठी. सहाचे पाऊणपट किती?’ साडेचार. ‘मग साडेचारला भरती. तुम्ही भरतीला चिखल बघायला आलात.’

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ तासांत मिळते, हा कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशोब. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीपासून सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी. म्हणजे त्या दिवशी सकाळी सव्वादहाला जायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात आम्ही हा हिशोब तपासला. पंधराव्या तिथीला पाऊणपट सव्वाअकरा येते, प्रत्यक्षात भरती बारा-साडेबाराला. एका मुलाने कारण काढलं: चोवीस तास भागिले तीस तिथ्या म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, आजोबा पंचेचाळीस धरतात. दर तिथीला तीन मिनिटं राहतात, पंधरा दिवसांत पाऊण तास साठतो. शिवाय खाडीत आत पाणी पोहोचायला थोडा वेळ जातो. आजोबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘होडीला तेवढं चालतं.’ अंदाज कुठे पुरतो आणि अचूक आकडा कुठे लागतो, यावर यापेक्षा चांगला धडा मला सापडलेला नाही.

तुमच्याकडे खाडी चालत जाण्याच्या अंतरावर आहे, पण काठावर उतरू नका. चिखल खोल असतो, रचलेल्या वाटेवरूनच बघा. दिनदर्शिका पाहून वेळ मुलांना काढू द्या. अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती, आणि पौर्णिमेचं उधाण या दोन्ही दिवशी गेलात तर चंद्र-सूर्य-पृथ्वीची आकृती फळ्यावर काढायला तुम्हाला निमित्त मिळेल. सूर्यमाला शिकवायचीच असेल तर ती या वाटेने येऊ द्या. नवी मुंबईतले धारण तलावही दाखवा. भरतीच्या वेळी झडपा मिटतात आणि शहराचं पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर पडतं. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की रस्त्यावर पाणी का तुंबतं, ते मग मुलंच घरी जाऊन सांगतात.

सूर्याचंच आणखी एक, पैशाशिवाय होणारं. अंगणात एक सरळ काठी रोवा आणि दुपारी बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. सगळ्यात आखूड सावली बाराला येणार नाही. आपली घड्याळं ८२ अंश ३० मिनिटं पूर्व रेखावृत्तावर चालतात आणि आपण ७३ अंशांच्या आसपास आहोत. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपली खरी मध्यान्ह साधारण १२ वाजून ३८ मिनिटांनी, आणि महिन्यानुसार पंधराएक मिनिटं पुढेमागे. ती आखूड सावली उत्तरेकडे पडते. मात्र मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारी आपल्या उत्तरेला असतो, त्या काळात ती दक्षिणेला पडते. मी एकदा जूनमध्ये हा प्रयोग करून वर्गाला उलटी उत्तर दाखवली होती, म्हणून सांगते. शून्य सावलीचा दिवस १६ मे आणि २७ जुलैच्या आसपास येतो. मेमध्ये सुट्टी, जुलैमध्ये ढग. सूर्याने शाळेचं वेळापत्रक पाहिलेलं नाही, पण तुमचा वर्ग सुट्टीतही भरत असेल तर १६ मे सोडू नका.

आतापर्यंतचं एकत्र करून सांगायचं तर खिडकीतून नकाशा आणि वस्ती, सुतळीवरून काळ, नळावरून धरण-डोंगर-पाऊस, खाडीवरून चंद्र. हे चार धागे मिळून तुमचे सहा महिने सहज जातील.

माणसांच्या बाबतीत एक साधी गोष्ट करा. मोठ्या कागदावर महाराष्ट्राचा आणि भारताचा नकाशा काढून प्रत्येक मुलाच्या गावापासून घणसोलीपर्यंत लोकरीचा धागा चिकटवा. तुमच्याकडे सातारा, पुणे, नाशिकचे धागे नक्की असतील, कदाचित उत्तर प्रदेशाचे आणि केरळचेही. एकाचा धागा शून्य लांबीचा असेल, कारण त्याचं गाव हेच. माझ्या वर्गात एक मुलगा होता, वडील वाशीच्या बाजारात माथाडी. वर्गात तो फारसं बोलायचा नाही. धाग्यांच्या दिवशी मी विचारलं, घरातला कांदा कुठून आला, तर तो उभा राहून पंधरा मिनिटं बोलला. कुठला ट्रक किती वाजता लागतो, नाशिकचा कांदा आणि जुन्नरकडचा कांदा हातात घेऊन कसा ओळखायचा, पोतं पाठीवर घेताना वाकायचं कुठून. हमाल आणि माथाडी कामगारांसाठी आपल्या राज्यात १९६९ साली वेगळा कायदा झाला, हे मी पुस्तकातून सांगितलं. त्याने सांगितलं की माथाडी बोर्डात नाव असतं आणि पगार तिथून येतो. व्यवसाय, वाहतूक, बाजारपेठ, स्थलांतर, कामगार कायदा, सगळं त्या पंधरा मिनिटांत आलं. तेव्हापासून कोणाचे आईवडील काय काम करतात हे मी उत्सुकतेने विचारते, पण सक्तीने नाही. काही मुलांना ते सांगायचं नसतं, आणि तो त्यांचा हक्क आहे.

नागरिकशास्त्राला फार वेळ लागत नाही. घरापासून हॉलपर्यंत येताना दिसलेल्या दहा गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीसमोर ‘बिघडली तर कोणाला सांगायचं?’ हे लिहायचं. गटार, दिवा, टपालपेटी, ट्रॅफिक हवालदार, वीज, बस, स्टेशन. पालिका, राज्य आणि केंद्र असे तीन रकाने आपोआप पडतात. नवी मुंबईत तर गंमत अशी की स्टेशनची इमारत सिडकोची आणि गाडी रेल्वेची. शेवटी मुलांनी एक खरं पत्र लिहावं, एखाद्या बंद दिव्याबद्दल. उत्तर येईलच असं नाही. माझ्या वर्गाला अकरा पत्रांपैकी दोनांना आलं.

आता जमिनीचा विषय. गावठाण आणि सेक्टर यांची तुलना केलीत की तो येणारच. मुंबईच्या पलीकडे नवं शहर वसवावं ही कल्पना १९६० च्या दशकात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता व अभियंता शिरीष पटेल यांनी मांडली. सिडकोने ज्या पट्ट्यात काम सुरू केलं त्यात ९५ गावं होती. तिथल्या शेतकऱ्यांच्या घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात आंदोलकांवर गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली. तुमच्या वर्गात ज्याच्या आजोबांची शेती गेली तो मुलगा आणि ज्याला त्या शेतावरच्या इमारतीत घर मिळालं तो मुलगा शेजारी बसलेले असणार. मी हा विषय टाळत नाही, पण वर्ष-दीड वर्ष झाल्याशिवाय, मुलं एकमेकांची झाल्याशिवाय काढतही नाही. कोणाला किती पैसे मिळाले हा प्रश्न वर्गात येऊ देत नाही. दोन्ही घरांतल्या मोठ्यांना बोलवावं, मुलांनी ऐकावं, वहीत दोन्ही लिहावं. एखादे पालक नाराज होतील. माझ्याकडे एकदा झाले होते. त्यांना मुलांच्या वह्या दाखवल्या, तेवढ्यावर भागलं.

पुस्तकांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बालभारतीचं तिसरीचं ‘परिसर अभ्यास’ (ठाणे जिल्हा), पाचवीच्या ‘परिसर अभ्यास’चे दोन्ही भाग आणि सहावीचा भूगोल, एवढं हाताशी असू द्या. मुलांना वाचायला नको, तुम्हाला शब्द नेमके मिळावेत म्हणून. रद्दीत ठाणे जिल्ह्याचा जुना नकाशा मिळाला तर सोडू नका. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. जुन्या नकाशात डहाणू, जव्हार ठाण्यात आहेत, नव्यात नाहीत. ‘मग डहाणू हललं का?’ हा प्रश्न चौथीलाही आवडतो आणि नैसर्गिक सीमा कोणती, माणसाने आखलेली कोणती, यावर बोलायला पुरतो. ज्वालामुखीचं थर्माकोलचं मॉडेल मात्र सांगू नका, ते पालक रात्री जागून करतात.

मुलांना किती कळलं हे बघायला मी चाचणी घेत नाही. एक काम देते: घणसोली स्टेशनला उतरलेल्या अनोळखी माणसाला इथपर्यंत आणा, बोलून नव्हे, कागदावर. मग ते कागद अदलाबदल करते आणि दुसऱ्या मुलाला तो वाचून वाट सांगायला लावते. जिथे तो अडखळतो तिथे काय राहिलं ते काढणाऱ्याला स्वतःच दिसतं. सप्टेंबरचा आणि मार्चचा असे दोन कागद जपून ठेवा, पालकसभेत तेच दाखवा.

पहिल्या शनिवारी खडू, एक नकाशा आणि होकायंत्र एवढंच न्या. मोबाइलमधलं होकायंत्र लोखंडाजवळ फसवतं, तेव्हा हॉलच्या मध्यभागी उभं राहून बघा आणि आदल्या दिवशी स्वतः तपासून ठेवा. मुलं आली की नकाशा काढायच्या आधी विचारा, उत्तर कुठे? सगळ्यांनी एकदम बोट दाखवायचं, डोळे मिटून. मग डोळे उघडायला सांगा. चौदा बोटं कुठे कुठे आहेत ते त्यांचं त्यांना बघू द्या. पंख्याकडे किती आहेत ते मला नक्की कळवा.